गैबीच्या बाजूचं दार

आमच्या कोल्हापूरच्या शनिवार पेठेत मीरासाब शिकलगाराला ओळखत नाही असा माणूस नाही, आणि तो ज्याच्यावर एकदा तरी खेकसला नाही असाही नाही. माझं घर त्याच्या भट्टीच्या अगदी समोर. मी जिनगर, खोगिरं आणि लगाम शिवतो. त्याचा भाता आणि माझं तोंड ही गल्लीतली दोन न थांबणारी यंत्रं, असं आमची कारभारीण धोंडुबाई म्हणते. भाता निदान जुम्म्याला तरी बंद असतो, हेही वर म्हणते.

मीरासाब उंच, वाळका, आणि दाढीत ठिणग्या उडून पडलेली भोकं. त्याच्या वाडवडिलांनी ढाली केल्या, चिलखतं केली. याच्या वाट्याला काय आलं? शाहू महाराजांच्या राज्यात तलवारीला गिऱ्हाईक कुठलं! दसऱ्याला सरदारांच्या घरची पाती उजळायला यायची तेवढीच. बाकी वर्षभर न्हाव्यांचे वस्तरे, अडकित्ते आणि बायकांच्या विळ्या.

"आज्यानं चिलखत केलं, आन मी कांदं कापायची विळी घासतोय," असं तो रोज एकदा म्हणायचा. मी म्हणायचो, "कांद्यानंबी माणूस रडतंयच की, मीराभाई." मग त्याचा हातोडा जरा जोरात पडायचा.

त्याच्या घराण्यात एक रिवाज होता, तो आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच बेतलं. ढाल तयार झाली की करणाऱ्यानं ती स्वतः धरून उभं राहायचं आणि गिऱ्हाइकानं वार करायचा. एवढंच असतं तर ठीक होतं. वार कुठं करायचा तेही करणाऱ्यानंच दाखवायचं. ज्या जागेबद्दल आपल्याच मनात शंका आहे, तिथं बोट ठेवायचं आणि म्हणायचं, इथं मार. टिकली तर ढाल गिऱ्हाइकाची. फसली तर ती आपल्याच दारावर टांगायची, येताजाता डोळ्याला दिसेल अशी. त्याच्या आजोबांच्या डाव्या हाताला दोन बोटं कमी होती. ती या रिवाजात गेली, असं मीरासाब छाती फुगवून सांगे. "म्हंजे आजा कारागीर कच्चाच हुता म्हण की," असं मी एकदा म्हणालो, तर आठवडाभर बोलला नाही. फार बरा गेला तो आठवडा.

तर मोठ्या लढाईची वर्षं. आमच्याकडच्या एका सरदारांच्या मनात आलं, इंग्रज सरकारला मोटार भेट द्यायची. सरदारांचं नाव सांगत नाही, त्यांच्या घोड्यांची खोगिरं अजून माझ्याकडंच होतात. मोटार नुसती नाही, चिलखती द्यायची. म्हणजे सगळ्या अंगाला पोलादी पत्रे, आत बंदूकवाले आणि बाहेर बघायला एवढीशी फट. अशा गाड्या लढाईवर जातात म्हणे, आणि गोळ्या त्यांच्यावरून गारांसारख्या ओघळतात.

सामान कुठून कुठून आलं ते ऐका. इंजिन विलायतेचं. भरीव रबरी चाकांचं रबर मलायाचं. पोलादी पत्रे मुंबईच्या एका व्यापाऱ्यामार्फत विलायतेहून मागवलेले. पहिल्या बोटीतले पत्रे जर्मनांनी समुद्रात बुडवले. दुसऱ्या बोटीतले मुंबईला सुखरूप उतरले, आगगाडीत चढले, आणि कुणा शहाण्यानं ते हातकणंगल्यालाच उतरवून ठेवले. तिथल्या एका पाटलानं त्यावर मिरच्या वाळत घातल्या होत्या. कोल्हापुरात आले तेव्हा लढाईच्या सामानाला ठसक्याचा वास येत होता.

आणि खरी गंमत पुढंच. मापं पाठवली होती सरदारांच्या नव्या मोटारीची. पत्रे येईस्तोवर सरदारांचा त्या नव्या मोटारीवर असा जीव जडला, की सरकारला त्यांनी जुनी काढून दिली. पुढचे-मागचे सपाट पत्रे ओढूनताणून बसले. वजनानं गाडी म्हशीसारखी खाली बसली, तेव्हा खालचे स्प्रिंगांचे पाटे बदलून जाड घातले. इंजिनाला धाप लागली, तेव्हा तोंडाशी हवेसाठी झडपा केल्या. आतल्या बैठका शिवायचं काम माझ्याकडं आलं, म्हणून हे सगळं मी डोळ्यांनी बघितलं. अडलं ते एका दाराशी. जुन्या मोटारीला त्या अंगाला कमरेशी पोट होतं आणि दाराचा पत्रा सपाट. बसेचना.

आणि ते दार कुठलं? मोटार हाकणाऱ्याच्या बाजूचं.

मोटार हाकणारा होता गैबी. सरदारांच्या पदरी चाकरीला, गाडीबरोबर तोही लढाईवर जायचा होता. हसरा पोरगा, शीळ घालत मोटार पुसायचा. आणि तो मीरासाबचा जावई. मीरासाबची एकुलती एक लेक शहाजादी त्याला दिलेली, आणि तिला तेव्हा दिवस गेलेले.

सरदारांच्या मोटारखान्याचे मुख्य गणपतराव. ते स्वतः भट्टीवर आले. "मीरासाब, तुमच्या बापजाद्यांनी चिलखतं केली म्हणता. हे एक दार तेवढं वाकवून, भोकं पाडून द्या."

मीरासाबनं पत्र्यावर हातोडीनं टिचकी मारली, कान लावला. त्याचा चेहरा मी बघितला. वीस वर्षं विळ्या घासणाऱ्या माणसाला कुणीतरी तलवार दिली होती.

आता हे पोलाद विलायतेतच कडक करून आलेलं. गार असताना ते वाकेना, छिद्र पाडायला गेलं तर सामत्याचंच टोक मोडे. म्हणून मीरासाबनं ते भट्टीत घालून तापवलं, मऊ केलं, वाकवलं, भोकं पाडली. इथवर झकास. पण मऊ केलेलं पोलाद परत कडक करायचं तर लाल असतानाच एका दमात पाण्यात बुडवावं लागतं. पाणी देणं म्हणतात त्याला. तलवारीला पाणी देण्यात मीरासाबचा हात धरणारा कोल्हापुरात कुणी नव्हता. पण तलवार असते सडपातळ, आणि हे दार. त्याच्या भट्टीपुढच्या कुंडात ते मावणार कसं?

मग त्यानं काय केलं? आमच्या गल्लीत जनावरांना पाणी पाजायची दगडी डोण आहे. तिच्यात बुडवायचं ठरवलं. आम्ही चौघं जण सांडशी धरायला. लालभडक पत्रा आडवा धरून डोणीपाशी नेला, आणि घात झाला. डोण लांबीला पुरली, पण रुंदीला पुरेना. अर्धा पत्रा आत, अर्धा बाहेर. मीरासाब ओरडला, "फिरवा, फिरवा!" आम्ही फिरवला. वाफेत कुणाला कुणाचं तोंड दिसेना. दुसरा अर्धा आत गेला. पाणी खदखदलं, शेजारच्या चिमणाबाईची म्हैस दावं तोडून पळाली, आणि पुढं कितीतरी दिवस गल्लीतलं एकही जनावर त्या डोणीला तोंड लावेना.

दार बसलं. अगदी अंगाबरोबर बसलं. गणपतराव खूश, गैबी खूश. मी मीरासाबला म्हणालो, "आता विळी आणली तर घेशील का पावणं?" तो हसला नाही.

तेव्हापासून त्याचं काहीतरी बिनसलं. मी मोटारखान्यात बैठका शिवत असायचो, तर हा यायचा, खिशातून कानस काढायचा, आणि दाराच्या मधोमध एकदा घासायचा. बघायचा आणि जायचा. दुसऱ्या दिवशी परत तेच.

"काय मीराभाई, दाराला गुदगुल्या करतोयस व्हय?"

"गप बस, जोत्या."

तिसऱ्या खेपेला मी बैठकीतून उठलो आणि जवळ जाऊन बघितलं. दाराच्या कडांवर कानस घसरत होती, काचेवर घसरावी तशी. मधोमध मात्र तिनं बारीक, करडी रेघ ओढली होती. मी कातड्यातला माणूस, पण लोहाराच्या समोर जन्म गेलाय. कानस जिथं चावते तिथं पोलाद मऊ असतं, एवढं मलाही कळतं.

"मधीच पाणी बसलं न्हाय," मीरासाब हळूच म्हणाला. "फिरवताना मधला पट्टा तसाच निवला. कडा घेतल्या त्यानं, पोट न्हाय घेतलं."

"पण मग गोळी..."

"कळंना. अडंल बी. पत्रा जाड हाय." मग म्हणाला, "न्हाय बी अडणार."

त्या पट्ट्यासमोर मी शिवलेली बैठक होती, गैबीची. माझ्या मनानं आपोआप माप घेतलं. बसल्यावर गैबीच्या बरोबर बरगड्या येत होत्या तिथं.

मीरासाब गणपतरावांकडं गेला. मी दारातूनच ऐकलं, ऐकल्याशिवाय मला राहवतं कुठं! गणपतराव आधी चमकले, मग त्यांचा आवाज चढला. "दार दाराच्या जागी बसलंय न्हवं? मग आता तुमची शंका तुमच्या घरी घेऊन जावा. नवा पत्रा म्हंजे परत बोट, परत समुद्र, परत जर्मन. पुण्याचा लष्करी साहेब मोटारीवर गोळ्या झाडून बघायला निघालाय. सरदार मला सोलतील आन माझं कातडं त्या जोत्याकडं धाडतील, खोगीर शिवायला!"

माझ्या दुकानाचा असा उल्लेख मला आवडला नाही.

मग तो गैबीकडं गेला. गैबी मोटारीखाली आडवा पडून शीळ घालत होता. मीरासाब म्हणाला, "पोरा, त्या दाराचं मला..." गैबीनं खालूनच हसत सांगितलं, "मामू, तुमी केलंय म्हंजे झालं की! माझी बाजू सगळ्यात पक्की म्हणून मी समद्यास्नी सांगतोय."

यापेक्षा त्यानं कानाखाली मारली असती तरी मीरासाबला परवडलं असतं.

घरी त्याचं जेवण सुटलं. ताटावर बसायचा, भाकरी मोडायचा, आणि तशीच ठेवायचा. शहाजादी बाळंतपणाला माहेरी आलेली, ती विचारायची, "अब्बा, कशाचा घोर लागलाय?" हा तिच्याकडं बघायचाच नाही. नवऱ्याच्या दाराचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्याची बायको खतिजा मात्र कच्च्या गुरूची चेली नाही. ती सरळ माझ्याकडं आली.

"जोतीभाऊ, तुमच्या पोटात काय ऱ्हात न्हाय. बोला."

बोललो. बोललो नसतो तर पोट फुटलं असतं. ती ओट्यावर खाली बसली आणि पदर तोंडाशी धरला.

"मग आता ह्ये बसणार की त्या दाराच्या मागं," ती म्हणाली. "साहेब गोळी घालंल तवा आत जाऊन बसणार. तुमास्नी ठाव हाय न्हवं ह्यांचा रिवाज? आजेसासऱ्यांची बोटं गेली, ह्यांचं काय जाईल?"

हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी गप्प झालो, म्हणजे प्रसंग किती कठीण होता बघा.

मग ती उठून समोर आपल्या घरी गेली आणि छपरावरच्या वेलाचा एक भला मोठा लाल भोपळा कमरेवर घेऊन आली.

"तुम्ही लोक नव्या मोटारीपुढं कोहळा फोडता न्हवं? ह्यो आमचा घ्या. पुढं न्हाय, आत ठेवा. त्यांच्या जागेवर. कसंबी करा भाऊ, पर माणूस आत बसू देऊ नगासा."

मला हसू आलं. तिच्या डोळ्यांकडं बघितलं, आणि हसू गिळून भोपळा घेतला.

चाचणी कळंब्याच्या वाटेवरच्या दगडाच्या खाणीत होती. सकाळी निम्मी पेठ तिथं लोटली. गैबीनं मोटार आणली, इंजिनातून वाफ निघत होती. मी मागं, पोत्यात भोपळा घेऊन. लोक विचारत होते, "काय जोतीराम, बाजाराला चाललास व्हय?" मी म्हणालो, "न्हाय, लढाईला चाललोय."

पुण्याचा साहेब तांबड्या तोंडाचा, मोडकं हिंदुस्थानी बोलणारा. त्यानं मोटार खाणीच्या भिंतीशी उभी करायला लावली, सगळ्यांना लांब केलं, आणि शिपायाला खूण केली. समोरच्या पत्र्यावर गोळी बसली. खाणीत असा आवाज घुमला की माझ्या पोत्यानं उडी मारली, म्हणजे मीच मारली. जवळ जाऊन बघतात तर पत्र्याला देवीच्या व्रणासारखी एक खूण, बाकी काही नाही. परत गोळी, परत व्रण. साहेबाचं तोंड आणखी लाल झालं, खुशीनं.

"अच्छा! बहोत अच्छा!" तो म्हणाला, आणि बंदूक खाली ठेवायला सांगितली. शत्रू समोरूनच येतो, असा त्याचा हिशेब असावा. गणपतरावांनी पेढ्यांचं ताट पुढं केलं. गैबीच्या गळ्यात कुणी हार घातला. झालं, संपलं. दाराला कुणी हातही लावला नव्हता.

मी मीरासाबकडं बघितलं. त्यानं नुसतं गप्प राहायचं होतं. दार चांगलं की वाईट, कुणाला कधी कळलं नसतं. कळलं असतं ते एकट्या गैबीला.

मीरासाब गर्दीतून निघाला. सरळ मोटारीकडं गेला, दाराच्या मधोमध बोट ठेवलं, आणि ओरडला, "हितं मारा!"

सगळे थांबले. गणपतरावांच्या हातातलं ताट वाकडं झालं. साहेबानं विचारलं, "क्या बोलता है?" गणपतरावांनी घाईघाईनं सांगितलं, "साहेब, तो आपले आभार मानतो आहे." पण बोट काही आभारासारखं दिसत नव्हतं. साहेब जवळ आला, दाराकडं बघितलं, मीरासाबकडं बघितलं.

"इधर? क्यूं?"

"म्या केलंय," मीरासाब म्हणाला. "मला शंका हाय." आणि दार उघडून तो आत बसला, गैबीच्या जागेवर, आणि दार ओढून घेतलं.

मग जो गोंधळ झाला! साहेब ओरडतोय, "बाहर निकलो!" गणपतराव ओरडताहेत. आतून मीरासाबचा आवाज येतोय, "आमच्या घराण्याचा रिवाज हाय! करणारा मागं बसतो!" मी फटीतून भोपळा दाखवला, "मीराभाई, खतिजाभाभीनं बदली पाठवलीय, उतर." तर म्हणतो, "तिला म्हणावं भाजी कर त्याची."

तेवढ्यात गैबी आला. गळ्यात हार तसाच. त्यानं आत वाकून बघितलं.

"मामू, उतरा."

"तुझ्या जागेवर बसलोय. बघू दे मला, तुझी जागा कशी हाय ती."

गैबीनं मान बाहेर काढली. मोटारीला वळसा घालून पलीकडं गेला, तिकडचं दार उघडलं, आणि सासऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसला.

"मग मीबी बसतो. मारू द्या."

डोळ्याचं पातं लवेस्तोवर मीरासाब मोटारीबाहेर होता! लालबुंद लोखंडावर बसलेला माणूस उठतो तसा. आणि त्यानं गैबीलाही हाताला धरून ओढून काढलं. हार तुटला, फुलं खाणीत सांडली.

आता बोलायचं राहिलं काय होतं? स्वतःचा जीव त्या दारामागं ठेवायला माणूस तयार होता आणि जावयाचा ठेवायला नव्हता. दाराबद्दल त्याला काय वाटतं ते साहेबालाही भाषेशिवाय कळलं. गैबीचा चेहरा उतरला. त्या दिवसानंतर शीळ जरा कमीच ऐकू आली.

साहेबानं माझ्या हातातल्या भोपळ्याकडं बोट केलं. "वो रखो."

मी भोपळा गैबीच्या बैठकीवर ठेवला. काय सुचलं कोण जाणे, गैबीचा पटका भोपळ्याच्या डोक्याला बांधला. एरवी सगळी खाण हसली असती.

पहिली गोळी. पत्र्याला खळगा पडला, खोल, पण अडली. मीरासाबचे ओठ हलत होते. मला वाटलं, वाचलं. शिपायानं परत नेम धरला.

दुसऱ्या गोळीचा आवाजच वेगळा आला. टणत्कार नव्हता. ताडपत्री फाटावी तसा आवाज, आणि आत काहीतरी फुटल्याचा धप्प.

दार उघडलं. बैठकीवर, छताला, सगळीकडं लाल गर. भोपळ्याला मधोमध खिंडार, आणि पटका मागच्या कोपऱ्यात जाऊन पडलेला. गैबीनं तो उचलला, झटकला, बघत राहिला. गणपतराव एका दगडावर खाली बसले, ताट मांडीवर. मीरासाब दाराला हात टेकून उभा होता. त्याचं बोट त्या भोकात गेलं होतं आणि तो ते काढत नव्हता.

"गैबी," तो एवढंच म्हणाला. जावयानं जवळ येऊन त्याचा हात सोडवला.

साहेब रागावला की नाही हे मला अजून नीट कळलेलं नाही. त्यानं टोपी काढून घाम पुसला, आणि गणपतरावांना सांगितलं की या दारानं मोटार जाणार नाही. नवा पत्रा येईल, तो वाकवून, कडक करूनच येईल, तेव्हा जाईल. परत बोट, परत समुद्र, परत जर्मन.

मी उरलेला भोपळा पोत्यात भरून परत आणला. खतिजा ओट्यावर उभीच होती. तिनं पोत्यात बघितलं, मग मागून चालत येणाऱ्या दोघांकडं बघितलं, आणि घरात जाऊन चुलीपुढं बसली ती जोरात रडायलाच लागली. शहाजादीला तेव्हा कुठं सगळं कळलं. त्या दिवशी त्या घरी भोपळ्याची भाजी झाली आणि मीरासाब पोटभर जेवला. मला वाटीभर आली. भाजीत शिशाचा तुकडा निघतो का म्हणून मी प्रत्येक घास जपून चावला.

नवं दार यायला पावसाळा उलटून गेला. मीरासाबनं मापाचा लाकडी साचा करून दिला होता, त्यामुळं ते एका झटक्यात बसलं. तोवर शहाजादीला मुलगी झाली होती. गैबीनं बापाच्या थाटात मुलीला एकदा उचललं, आणि तो मोटार घेऊन लढाईवर गेला. नंतर वर्षभर त्याचा पत्ता नव्हता. ते वर्ष कसं गेलं हे मीरासाबच्या भात्याला विचारा, जुम्म्यालाही बंद राहिला नाही. गैबी परत आला तो वायव्य सरहद्दीवरचा हिवताप घेऊन, हातापायाच्या काड्या झालेल्या. मीरासाबनं त्याला ना तब्येत विचारली ना लढाई. म्हणाला, "दार?"

"एकदा लागली, मामू," गैबी म्हणाला. "अडली."

मीरासाबनं मान हलवली आणि भट्टीवर जाऊन बसला. ते दार त्यानं केलेलं नव्हतं.

फसलेलं दार त्याच्या भट्टीच्या भिंतीवर टांगलेलं आहे, मधोमध भोक असलेलं. रिवाजच तसा. विळीला धार लावून झाली की तो कानस घेतो आणि त्या दारावर एकदा घासून बघतो.

मी समोरून विचारतो, "काय मीराभाई, झालं का कडक?"

"न्हाय," तो म्हणतो. "अजून मऊच हाय."